ब्रेक नरम लागतोय

खंदारे बाईंनी छप्पन्नाव्या वर्षी मोटार शिकायला घेतली, तेव्हा सेलूतल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आणि आता बाई कुठं निघाल्या, असं एका सरांनी मोठ्यानं विचारलं. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "ताडकळसला. आईला घेऊन." आणि पुढची वही उघडली.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसलो. मी मराठी शिकवायचो, त्या विज्ञान. उंच, सडपातळ बांधा, फिकट रंगाची सुती साडी, आणि मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, तेही काच आतल्या बाजूला केलेलं. चालणं इतकं भरभर, की व्हरांड्यात त्यांच्याबरोबर चालताना मला बोलायला दम पुरत नसे. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईला सगळी गल्ली माय म्हणायची.

प्रयोगाच्या वहीत बाई मुलींना प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारायला लावत. डावीकडं निरीक्षण, उजवीकडं अनुमान. एखादीनं घाईघाईनं उजवीकडचं आधी लिहिलं, की पान फाडायचं. "आधी दिसलं ते सांग. वाटलं ते मग," हे वाक्य आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींना पाठ असेल. आम्हा शिक्षकांचीही त्यातून सुटका नव्हती. हेडसर आज चिडलेत, असं मी एकदा म्हणालो.

"म्हणजे काय दिसलं तुम्हाला?"

"दार आपटलं त्यांनी."

"वारा असेल," बाई म्हणाल्या, आणि खरंच उठून त्यांनी खिडकी लावली.

आठवीतली एक मुलगी दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडायची. ढोंग करते, असं निम्मे शिक्षक म्हणत. उरलेल्यांतल्या एकदोघांनी तिला कुठल्याशा देवाला न्यायचा सल्ला तिच्या आईला दिला होता. बाईंनी मुलीला काहीच विचारलं नाही. तीन सोमवार नुसतं पाहिलं. तिच्या बोटांच्या टोकांवर बारीक बारीक ओरखडे होते, आणि ते शुक्रवारपर्यंत बरे होऊन सोमवारी पुन्हा ताजे दिसायचे. रविवारी ती आईबरोबर दिवसभर कापूस वेचायला जायची, आणि सोमवारी पहाटेची एसटी गाठायची म्हणून उपाशीपोटीच निघायची. त्यानंतर प्रयोगशाळेच्या कपाटात, आम्लाच्या बाटल्यांच्या वरच्या खणात, शेंगदाण्याच्या लाडवांचा एक डबा आला. बाई त्या मुलीला सोमवारी प्रार्थनेआधी काचेची नळी धुवायला बोलवायच्या. नळी कधी धुतली जायची नाही. वर्षभरात ती मुलगी पुन्हा पडली नाही, आणि आमच्यापैकी कुणाला ते कारण बाईंनी आपणहून सांगितलंही नाही. मला कळलं ते डबा भरताना मी तिथं होतो म्हणून.

मोटारीचं कारण मात्र त्यांनी मला सांगितलं होतं.

बाईंचे वडील, घरात सगळ्यांचे दादा, ताडकळसच्या बौद्ध वस्तीतले पहिले इंजिनिअर. पाटबंधारे खात्यात होते. बाई शाळेत असताना त्यांनी एक जुनी फियाट घेतली, फिकट निळी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. ती घेऊन ते पहिल्यांदा गावी आले तो बाजाराचा दिवस होता. ते कुठंही थांबले नाहीत. शेजारी मायला बसवून त्यांनी अगदी सावकाश साऱ्या गावाला एक फेरी घातली. ज्या गल्लीतून त्यांच्या वडिलांना पायताण हातात घेऊन जावं लागे, त्या गल्लीतूनही गाडी नेली.

"माय सांगते," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी दादांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. माणसं बाजूला होईपर्यंत थांबायचे, मग पुढं."

वडील गेल्यावर गाडी ताडकळसच्या घरामागं पत्र्याखाली वीस वर्षं पडून राहिली. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. तो म्हणायचा, भंगारात देऊन टाक. मग पंचाहत्तरी उलटल्यावर मायला एकदा तापानं घेरलं. बरी झाल्यावर ती अंथरुणात बसून म्हणाली, "एकदा त्या गाडीत बसून गावाला जावं वाटतंय. बुद्धपौर्णिमेला." बाईंनी ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून गाडी सेलूला आणली.

मिस्तरी मी शोधून दिला. गंगाधर माझ्या गावचा, बोरीचा. शेती भावाकडं ठेवून हा जिंतूर रोडला गॅरेज चालवायचा. तरुणपणी त्यानं अशा गाड्यांवर हात चालवला होता. त्यानं दार उघडून आत पाहिलं. मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं होती आणि दोन फुटकी अंडी.

"बाई, ह्याला गाडी म्हणायलाव का तुमी?"

"आत्ता नाही म्हणत," बाई म्हणाल्या. "तुम्ही केल्यावर म्हणेन."

दीड वर्ष लागलं. पत्रा कापून नवा बसवला, इंजिन उतरवलं, काही भाग हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणले. शाळा सुटली की बाई गॅरेजवर. उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून त्या पाहत राहत आणि मधेच प्रश्न विचारत. गंगाधर आधी वैतागायचा. नंतर नंतर बाई आल्या नाहीत तर मला फोन करायचा, "बाई आज दिसायल्या न्हाईत, बऱ्या हायत ना?"

दिवाळीच्या आसपास गाडी रस्त्यावर आली. रंग बरोबर तोच, वडिलांच्या वेळचा. एका जुन्या फोटोवरून आणि मायच्या सांगण्यावरून जमवलेला. बाईंना तोवर लायसन मिळालं होतं. पहिल्या फेरीला मी बरोबर होतो. स्टेशनच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"नरम लागतोय," त्या म्हणाल्या. "पाय आत जातो. स्पंज दाबावा तसा."

गंगाधरनं दाबून पाहिला, आणि त्यालाही पटलं. "पायडल खाली जायलंय. लाइनीत हवा असंल." ब्रेकच्या तेलात हवा राहिली, की पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी ती हवाच दाबली जाते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी छोटं निप्पल सैल करून तेलाबरोबर बुडबुडे नळीनं बाटलीत सोडायचे. आत मी बसलो. "दाबा. धरा. सोडा." चारी चाकं झाली. तरी ब्रेक नरमच. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारी चाकं. तिसऱ्या दिवशी गंगाधरनं मास्टर सिलिंडर उघडून त्याची रबरं बदलली आणि पुन्हा हवा काढली. आता बाटलीत एकही बुडबुडा येत नव्हता, आणि ब्रेक होता तसाच होता.

बाई डब्यावरून उठल्या. "तेल गळतंय का कुठं?"

"थेंब न्हाई."

"तेल दाबून लहान होत नाही. हवा उरली नाही. मग माझा पाय आत जातो तो कशामुळं? कुठंतरी काहीतरी मोठं होत असणार." त्यांनी पदर खोचला आणि पुढच्या चाकापाशी खाली बसल्या. पत्र्याच्या नळीपासून चाकापर्यंत जो रबरी पाइप जातो, त्याच्याभोवती त्यांनी बोटं गुंडाळली. "कदम सर, दाबा. सोडा." मग दुसरा पाइप. डाव्या चाकाच्या पाइपाला त्या बराच वेळ धरून बसल्या. मला पुन्हा पुन्हा दाबायला लावलं.

"हा फुगतोय. हात लावून बघा गंगाधरराव, नाडी लागते तसा."

"नवाकोरा पाइप हाय बाई तो. मीच बसवलाय."

"नवा आहे, चांगला असेल, हे अनुमान झालं. हात लावा."

गंगाधरनं हात लावला. मला पुन्हा दाबायची खूण केली. मग म्हणाला, "माझ्या बापजन्मात असं तपासलं न्हाई कुणी." पाइप बदलला, हवा काढली, आणि ब्रेक दगडासारखा झाला. पुढं कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना बजावायचा, "आधी काय दिसलं ते सांगा. काय बिघडलंय ते मी बघतो."

ते दोन-तीन महिने बाई सुखात होत्या, असं मला वाटतं. सुख हा शब्द त्यांनी कधी वापरला नसता. पण त्या गाडी घेऊन शाळेत यायच्या, कडुलिंबाखाली लावायच्या, आणि मधल्या सुट्टीत खिडकीतून एकदा तिच्याकडं पाहायच्या. मायला रविवारी मार्केट यार्डापर्यंत फिरवून आणायच्या. वैशाखातल्या पौर्णिमेला ताडकळस, हे ठरलं होतं. मायनं पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळेच्या फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायला उशीर झाला. सायकलवरची एक मुलगी सायकल टाकून बाजूला झाली म्हणून वाचली. सायकलचं मागचं चाक वाकलं. बाई उतरल्या. मुलीचे हात, गुडघे नीट पाहिले, तिला पाणी पाजलं, सायकल उचलून भिंतीला लावली. मग किल्ली माझ्या हातात दिली. "गंगाधररावांना द्या. ब्रेक पुन्हा नरम झालाय. कारण सापडेपर्यंत मी ही चालवणार नाही." त्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. जरा सावकाश चालल्या, हे मी पाहिलं. भेदरल्यात, असं मला वाटलं.

गंगाधरनं गाडी तपासली. ब्रेक कडक होता. मी दाबला, मलाही कडक लागला. बाई आल्या, दाबून म्हणाल्या, "नरम आहे." गंगाधरनं पुन्हा हवा काढली. पाइप तपासले. लायनर काढून घासले, चाकाचे सिलिंडर बदलले. दर वेळी आम्हा दोघांना कडक, बाईंना नरम. तिसऱ्या खेपेला तो चिडला.

"बाई, आता माझ्यापाशी बदलायला काय उरलं न्हाई. तुमच्या मनात भ्या बसलंय. ते काय मला पान्यानं काढता येत न्हाई."

"असेल," बाई म्हणाल्या. "तेही तपासायला पाहिजे."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला गॅरेजवर बोलावलं. गाडी सावलीत उभी होती. बाई आत बसल्या आणि दोन्ही चपला काढून बाहेर ठेवल्या. उजव्या पायानं ब्रेक दाबला. मग जरा तिरक्या होऊन डाव्या पायानं दाबला. पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या. मग उतरल्या, दारातून वाकल्या आणि हाताच्या तळव्यानं पेडल दाबलं. कमरेला हात लावून सरळ झाल्या, आत बसल्या, आणि पुन्हा एकदा उजवा पाय.

गंगाधर हातातलं काम टाकून उभा होता. बाई कितीतरी वेळ समोरच्या काचेतून बाहेर पाहत बसल्या.

"हाताला कडक आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाला कडक आहे. फक्त उजव्याला नरम. कापसावर ठेवल्यासारखा."

गंगाधरनं वाकून पेडल हातानं दाबून पाहिलं.

"घरी फरशीवरसुद्धा तसंच लागतं. बरेच दिवस झाले. चप्पल निसटून पडते, मागं राहते, आणि मला कळत नाही. मी म्हणत होते, चप्पल जुनी झाली." त्या उतरल्या. चपलेत पाय घालताना त्यांनी खाली पाहून घातला. "गंगाधरराव, तुमचा ब्रेक बरोबर आहे. मी तुम्हाला उगाच तीन वेळा काम लावलं. माफ करा."

 "असं नगा बोलू बाई," गंगाधर म्हणाला, आणि उगाचच बॉनेट उघडून आत पाहत राहिला.

परभणीच्या डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि संभाजीनगरला पाठवलं. मी बरोबर गेलो होतो. पाठीच्या कण्यात गाठ होती. ती तिथली नव्हती; मूळ फुप्फुसात होतं. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "पाय परत येईल का?" डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं दुखणं कमी होईल, पायाचं सांगता येत नाही. बाईंनी विचारलं, "किती वेळ आहे?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडं नका बघू. ते मराठी शिकवतात."

परतीच्या एसटीत त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मायला गाठीचं सांगायचं नाही. पायाची शीर दबलीय, एवढंच सांगायचं." आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाला खोटं बोलायला सांगत होत्या. मी हो म्हणालो.

ऑपरेशन झालं. पाय परत आला नाही. हळूहळू डावाही जायला लागला. शाळेतला त्यांचा शेवटचा दिवस असा काही झालाच नाही. एका सोमवारी खुर्ची रिकामी होती, आणि मग ती तशीच राहिली.

पुढं भावानं बाईंना पुण्याला नेलं, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या तिथंच वारल्या. मला वेळेवर कळलं नाही, शेवटचं दर्शनही झालं नाही. खोटं कशाला बोलू, त्याबद्दल मला फार वाईट वाटत नाही. माझ्यापाशी त्यांचं शेवटचं पाहणं आहे ते ताडकळसचं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही गेलो. ठरलं होतं तसं बाईंनी चालवायचं ते राहिलं; चालवायला गंगाधर होता. त्या दिवशी गॅरेज बंद ठेवून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आला होता. मागच्या सीटवर उशी लावून, दाराला पाठ टेकवून आम्ही बाईंना बसवलं, पाय सीटवर लांब करून. त्यांच्या पायांशी, उरलेल्या वीतभर जागेत, पांढऱ्या लुगड्यात माय बसली. पुढं बस म्हटलं तर ऐकेना. परभणी ओलांडेपर्यंत ऊन चढलं. खिडक्यांतून झळा येत होत्या. गावात शिरल्यावर गंगाधरनं कुणी न सांगता गाडी अगदी सावकाश केली. पोरं मागं धावायला लागली. जुनी माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं खिडकीशी येऊन विचारलं, "इंजेर सायबाची गाडी ना ही?" माय म्हणाली, "व्हय. पोरीनं नीट केली."

विहाराला पाच पायऱ्या आहेत. मायला बायकांनी हाताला धरून वर नेलं. बाईंना खुर्चीवर उचलून नेतो, असं चारजण म्हणाले. बाई नको म्हणाल्या. गाडी कडुलिंबाच्या सावलीत होती. आतून वंदना ऐकू येत होती, आणि बाई ओठ हलवत बरोबर म्हणत होत्या. मी पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या दाराशी उभा होतो. बायका एकेक करून खिडकीशी येत, हात हातात घेत, जात. कुणी तब्येतीचं विचारलं की बाई म्हणत, "शीर दबलीय. होईल कमी."

थोड्या वेळानं माय वाटीत खीर घेऊन परत आली. बाईंनी दोन चमचे खाल्ले आणि डोळे मिटून डोकं मागं टेकलं. माय गाडीत बसली. तिनं बाईंचे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले आणि उजवा तळपाय अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली. त्या हातांनी कधीकाळी लोकांच्या शेतात खुरपलं होतं. अजूनही त्यांत जोर होता.

"हितं कळतंय का गं, सुमन?"

"कळतंय," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"अन् हितं, टाचंला?"

"कळतंय की."

माय दाबत राहिली. मग तिनं हात उचलला. तळपायापासून वीतभर वर, तसाच हवेत धरला.

"आता?"

"आता बी कळतंय, माय," बाई म्हणाल्या. "लय बरं वाटायलंय."

मायनं वर पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. काही वेळ तिचा हात तिथंच होता. मग तिनं तो खाली आणला, लुगड्याच्या पदरानं बाईंच्या पायाची धूळ पुसली आणि पुन्हा चोळायला लागली. विहारात वंदना संपत आली होती. कुणीतरी खिरीचा दुसरा टोप उघडला, आणि लोक बाहेर यायला लागेपर्यंत माय चोळतच होती.